‘आई’ नावाचा ग्रुप

८ सप्टेंबर

इथे टपालाच्या पेटीत जाड पाकीट दिसलं की आधी धास्ती वाटते, कारण आनंदाची बातमी जर्मनीत कुणी पाकिटातून पाठवत नाही. आज मात्र आली. आमच्या भागातल्या चोवीस मतदारांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली आहेत आणि त्यात माझं आहे. तीन शनिवार एकत्र बसायचं आणि एकाच प्रश्नावर बोलायचं: जर्मनीने युरोपियन युनियनमध्ये राहावं की बाहेर पडावं, असं उद्या मतदान झालं तर तुम्ही काय कराल आणि का? शेवटच्या शनिवारी गुप्त मतदान. त्याला कायद्याचा आधार वगैरे नाही, एक संस्था अहवाल लिहिणार आहे इतकंच. अशा सभेला इथे ब्युर्गररात म्हणतात.

मला इथला नागरिक होऊन दीड वर्षही झालेलं नाही. माझ्या नव्या पासपोर्टवर वर ‘युरोपियन युनियन’ आणि त्याखाली ‘जर्मनी’ असं लिहिलंय, ते मी अजूनही अधूनमधून काढून बघतो. वोल्फ्सबुर्गमध्ये जन्मलेली एवढी माणसं सोडून चिठ्ठी माझी निघावी, याचं इतकं अप्रूप वाटलं की पत्र दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. नीलिमा म्हणाली, शनिवारी ओवीला पोहायला कोण नेणार ते आधी ठरव. ओवी ‘कूल’ म्हणून वर निघून गेली. आई म्हणाली, “म्हणजे तुला निवडणुकीची ड्यूटी लागली म्हण.”

आईची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली आणि शिक्षिका असल्याने प्रत्येक निवडणुकीत तिला ड्यूटी लागली. आज जेवताना तिने पुन्हा ती म्हातारीची गोष्ट सांगितली. कुठल्याशा वाडीवरून एक म्हातारी चालत मत द्यायला आली आणि यादीत तिचं नावच नव्हतं. आईने यादी पुन्हापुन्हा पाहिली. म्हातारी भांडली नाही की रडली नाही, शाळेच्या पायरीवर मतदान संपेपर्यंत बसून राहिली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. तिला धड शेवट नाही, असं माझं जुनंच मत आहे.

१४ सप्टेंबर

आईची पुढची तिकिटं काढून टाकली. दिवाळी झाली की ती माझ्या भावांकडे, आधी अनिमेषकडे आइंडहोव्हनला आणि डिसेंबरात सिद्धेशकडे डब्लिनला.

कारखान्यातल्या वेगवेगळ्या खात्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडणं हे माझं पोटापाण्याचं काम. जोडलेलं सुटं असण्यापेक्षा चांगलं चालतं हे मी रोज बघतो. बाबा गेल्यावर आईचंही मी तसंच जोडून दिलं. युरोपात पर्यटक व्हिसावर नव्वद दिवस मिळतात, ते अर्धे माझ्याकडे आणि अर्धे अनिमेषकडे. आयर्लंडचा व्हिसा वेगळा, म्हणून पुढचे दिवस सिद्धेशकडे. मग थोडे दिवस सांगली आणि पुन्हा पहिल्यापासून. कुणावर भार नाही आणि आई कधी एकटी नाही. त्यासाठी एक ग्रुप काढलाय, त्याचं नाव ‘आई’. त्यात आम्ही सहाजण आहोत: मी आणि नीलिमा, अनिमेष आणि ईप्सिता, सिद्धेश आणि स्वरूपा. तिकिटं, औषधं, विमा, सगळं तिथेच ठरतं. ऑफिसातले मराठी मित्र हे ऐकून तोंडात बोटं घालतात.

आता राहिला सांगलीचा फ्लॅट. वर्षातला बराच काळ बंद असतो, भिंतींना ओल येते, शेजारच्या सुलेखाकाकूंना उगाच खेटे घालावे लागतात. विकून टाकावा असं मी ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी अंगठे दाखवले. मग आईलाही सांगितलं. ती म्हणाली, “तुमचं ठरलंय ना?” मी हो म्हटलं. चला, तेही मार्गी लागलं.

आईचा स्वभाव फार साधा. कपाटातले दोन कप्पे रिकामे करून दिलेत, तरी तिचे कपडे आपले बॅगेतच. सांगलीच्या घराची किल्ली इथेही पर्समध्ये घेऊन फिरते. सवय, दुसरं काय.

२० सप्टेंबर

पहिला शनिवार. काय दिवस होता!

सभा स्टेशनजवळच्या प्रौढ शाळेत होती. खिडकीतून कालवा आणि पलीकडे कारखान्याची चार धुराडी दिसतात. आम्हाला चौघाचौघांच्या टेबलांवर बसवलं, तेही चिठ्ठ्या टाकूनच. माझ्या टेबलावर हेर, म्हणजे श्रीयुत, कोवाल्के आहेत, असेंब्ली लाइनवर जन्म काढून निवृत्त झालेले. दुसऱ्या फ्राऊ ल्यूडर्स, त्यांची गिफहॉर्नच्या बाजूला श्पार्गेलची, म्हणजे इथल्या पांढऱ्या ॲस्परॅगसची शेती आहे. तिसरी यूले, इस्पितळात नर्स, तिशीच्या आतली. इथे पक्ष रंगांनी ओळखले जातात. कोवाल्के लाल म्हणजे कामगारांच्या पक्षाचे, फ्राऊ ल्यूडर्स काळ्या म्हणजे परंपरावाद्यांच्या आणि यूले हिरवी म्हणजे पर्यावरणवाद्यांची. एरवी ही तीन माणसं एका टेबलावर कॉफी प्यायला बसली नसती.

मी तयारी करून गेलो होतो. एकच चलन, उघड्या सीमा, उद्या ओवीला कुठल्याही देशात शिकता येईल, सगळं तोंडपाठ. बाहेर पडा म्हणणारे म्हणजे निळे, इथले कडवे राष्ट्रवादी, असा माझा हिशोब. तसे एकदोघे खिडकीजवळ बसलेले दिसलेही. सभा चालवणाऱ्या बाईंनी विचारलं, बाहेर पडावं असं कधी ना कधी ज्यांच्या मनात येऊन गेलंय त्यांनी हात वर करा. माझ्या टेबलावर तीन हात वर झाले. लाल, काळा आणि हिरवा. मी आपला हात मांडीवर ठेवून बघतच राहिलो.

पहिल्यांदा फ्राऊ ल्यूडर्स बोलल्या. त्यांच्या शेतातून एक ओढा जातो. त्याच्या काठाने थोडं रान मोकळं ठेवायचं, तिथे काही पेरायचं नाही, अशी त्यांच्या सासऱ्यांपासूनची रीत. पक्षी घरटी करतात, पाणी स्वच्छ राहतं. मग वरून नियम आला, अमुक मीटर सोडा. “आम्ही त्याहून जास्तच सोडत होतो,” त्या म्हणाल्या, “पण आता ते आमचं सोडणं राहिलं नाही. आता आम्ही फक्त नियम पाळतो.”

मी म्हटलं, पण तुमच्या शेतावर कापणीला माणसं रुमानियाहून येतात. बाहेर पडलात तर ती कुठून आणणार? नुकसान तुमचंच होईल.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या शांतपणे म्हणाल्या. “होईल.”

मी आकडे सांगायला लागलो तेव्हा बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इथला नियम असा की समोरच्याने मन मोकळं केलं की उत्तर द्यायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. मला एकही प्रश्न सुचला नाही. नुकसान समोर दिसत असताना ते पत्करायला तयार असलेलं माणूस मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होतो.

२१ सप्टेंबर

हे सगळं आईला आणि नीलिमाला सांगितलं. आईने विचारलं, “ओढ्याचं नाव काय?” मी म्हटलं, मला काय माहीत. “विचारलं नाहीस?” दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. फोडणीपासून ओवीच्या कपड्यांपर्यंत ज्यांचं एका बाबतीत जमत नाही, त्या दोघी माझ्यावर हसताना मात्र एक होतात.

४ ऑक्टोबर

दुसरा शनिवार. गेल्या गेल्या फ्राऊ ल्यूडर्सना ओढ्याचं नाव विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला ओशाळल्यासारखं झालं. मूलेनबाख. मग पूर्वी तिथे गिरणी होती ती कुठे होती, पाण्यात कोण पडलं होतं, सगळं सांगितलं. माझ्या आईने विचारायला सांगितलं होतं म्हटल्यावर मधल्या सुट्टीत गाडीतून एक भलामोठा भोपळा आणून माझ्या हातात दिला.

आज कोवाल्के बोलले. माणूस एरवी दर वाक्याला ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणून मान डोलावतो, पण बोलायला लागला तेव्हा टेबलावरची कॉफी निवून गेली. म्हणाले, “मला फायदा झाला. नातू स्पेनमध्ये शिकतो, आम्ही बनवलेल्या गाड्या सगळीकडे खपल्या. सगळं खरं. पण दर वेळी कुणीतरी वरून येतं आणि मलाच सांगतं, बघा तुमचा किती फायदा झाला. आमच्या कामगार संघटनेत अध्यक्ष चुकला की मी सभेत उभा राहून ‘नाही’ म्हणायचो. तो माझं ऐकायचाच असं नाही, पण त्याला माझ्याकडे बघावं लागायचं. इथे मी कुणापुढे उभा राहू?”

यूलेचं कारण तर अगदी उलट टोकाचं. समुद्रात होड्या बुडतात, माणसं सीमेवर अडवली जातात आणि ते आपल्या नावाने होतं याची तिला शरम वाटते. जाब विचारायला गेलं तर देश युनियनकडे बोट दाखवतो आणि युनियन देशांकडे. “रागवायला सुद्धा समोर कुणी नाही,” ती म्हणाली. आणि खिडकीजवळच्या ज्या निळ्या गृहस्थांना मी मनातल्या मनात आधीच मोजून ठेवलं होतं, त्यांची लेक ऑस्ट्रियात दिली आहे, म्हणून त्यांचं अजून काही ठरतच नाहीये.

येताना कालव्याच्या काठाने चालत आलो. एकाला वाटतं युनियन फार दूर, दुसरीला वाटतं फार निर्दय, तिसरीचं दुःख एका ओढ्याएवढं. कारणांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तरी तिघं एकाच दाराशी येऊन उभी आहेत, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही. वर्षानुवर्षं ही माणसं हे मनात घेऊन कामावर जात होती आणि मी त्यांच्या शेजारी बसमध्ये उभा होतो. खरं सांगायचं तर मी भारावून गेलोय.

५ ऑक्टोबर

भोपळ्याचे घारगे. गूळ किती घालावा यावर आई आणि नीलिमाचं वाजलं. घारगे मात्र दोघींनी मिळून तळले.

१२ ऑक्टोबर

आज घरीच एक ब्युर्गररात भरवली. हसू येईल पण कल्पना झकास होती. फ्लॅटला सांगलीत गिऱ्हाईक मिळालंय, दिवाळीच्या आत हो म्हणायचं आहे. म्हटलं, नुसते अंगठे नकोत, रीतसर गुप्त मतदान घेऊ. सहाजणांना फोनवर दुवा पाठवला. कुणी काय मत दिलं हे मलासुद्धा कळणार नाही अशी पक्की व्यवस्था केली, त्यात माझी अर्धी दुपार गेली. प्रश्न एकच: आईची सध्याची व्यवस्था अशीच चालू ठेवावी आणि फ्लॅट विकावा, होय की नाही? मला सहाच्या सहा होय अपेक्षित होते.

तिन्ही घरं व्हिडिओवर जमली. आई सोफ्यावर मेथी निवडत होती. मी ब्युर्गररातबद्दल छोटंसं भाषण केलं, लोकांना विचारणं किती महत्त्वाचं असतं वगैरे. नीलिमाने दोनदा विचारलं, “नक्की गुप्त आहे ना?” डब्लिनहून स्वरूपानेही तेच विचारलं. मला त्यांच्या काळजीचं कौतुक वाटलं.

होय एक. नाही पाच.

आधी वाटलं मोजण्यात काही चूक झाली. पण चूक नव्हती, आणि तो एक कोण हे सगळ्यांना कळलं होतं. गुप्ततेचा सगळा उपयोग त्या पाच जणांनाच झाला. सिद्धेश म्हणाला, त्याचा कुकर लागलाय. अनिमेषचं नेटवर्क गेलं. आईने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि आत गेली.

१३ ऑक्टोबर

सगळ्यांना एकेक करून फोन केले. आज मात्र तो नियम पाळला, उत्तर न देता नुसतं विचारत गेलो. जड गेलं.

अनिमेष म्हणाला, आई आमच्याकडे दिवसभर खिडकीशी उभी असते, आणि मी घरून काम करतो म्हणून आवाज नको असं समजून फोनवर कुजबुजते. ते मला बघवत नाही, पण तू चांगलं केलंयस असं सगळे म्हणत होते म्हणून बोललो नाही. ईप्सिताचं म्हणणं, आई कधी येणार ते आम्हाला तुझ्याकडून कळतं, आमच्या घरात केव्हा काय चालू असेल ते तू कधी विचारत नाहीस. स्वरूपाने स्पष्टच सांगितलं, तिला तिची स्वतःची आईही एकदा बोलावून घ्यायची आहे आणि तिच्यासाठी जागाच उरत नाही. सिद्धेश नुसताच म्हणाला, “दादा, प्रश्न आईचा नाहीये.” मी विचारलं, मग कुणाचा? ‘नंतर बोलू’ म्हणून त्याने फोन ठेवला.

नीलिमाला स्वयंपाकघरात गाठलं. ती ओटा पुसत होती, पुसतापुसताच म्हणाली, “आई इथे असतात तेव्हा या घरात दोन पाहुण्या असतात. त्या आणि मी. त्यांना वाटतं माझं घर आहे, मला वाटतं त्यांचा मान आहे. डबे कुठे ठेवायचे हेसुद्धा दोघी एकमेकींना विचारत बसतो.”

पाच जणांची पाच कारणं, एकाचं दुसऱ्याला लागू नाही. असं टेबल मी शनिवारच्या सभेत पाहिलं होतं.

पण मला भीती वेगळीच वाटतेय. आईला हे कळलं तर तिला काय वाटेल? तीन मुलं, तीन सुना आणि तिची व्यवस्था हवी म्हणणारा एकटा मी. तिला सांगायचं नाही असं ठरवलंय. गिऱ्हाइकाला थांबवलंय आणि आईला सांगितलंय की कागदपत्रांत अडचण आहे.

१४ ऑक्टोबर

आज मी घरूनच काम करत होतो. दुपारी आई चहा घेऊन माझ्या खोलीत आली आणि समोर बसली. ती अशी कधी बसत नाही, कामात व्यत्यय नको म्हणून दारातूनच जाते.

“कागदपत्रांत काही अडचण नाहीये,” ती म्हणाली. “पाच-एक झालं. मी तिथेच होते.”

मी घाईघाईने म्हणालो, आई, तू नको आहेस असं कुणाचंही म्हणणं नाही. ती म्हणाली, ते तिला माहीत आहे, तिने ही मुलं वाढवली आहेत. मग तिने कप खाली ठेवला.

“यादीत मी नव्हते,” आई म्हणाली.

सहाजणांना दुवा पाठवताना मी एकदाही थांबलो नव्हतो. ग्रुपमध्ये जे होते त्यांना पाठवला, आणि ‘आई’ ग्रुपमध्ये आई नाही. तिच्याकडे फोन आहे, रोज सकाळी ती आम्हाला फुलांची चित्रं पाठवते. खोली तीच, सोफा तोच, मतदान तिच्याबद्दल, आणि लोकांना विचारणं किती महत्त्वाचं यावर माझं भाषण तिने मेथी निवडत ऐकलं. मला सगळ्यात आधी ती पायरीवर बसलेली म्हातारी आठवली.

आईलाही बहुतेक तीच आठवली असावी. म्हणाली, “त्या बाईचं एक तुम्हाला कधी सांगितलं नाही. पेटी बंद केली तेव्हा ती उठली. मी म्हटलं, आजी, तुमचं मत वाया गेलं. तर म्हणाली, बाई, कुणाला द्यायचं ते माझं अजून ठरलंच नव्हतं.”

मी फोन काढला. म्हटलं, आई, आत्ता पाठवतो, आत्ता दे मत. तिने फोन घेतला नाही. शिक्षकांच्या पतसंस्थेच्या सभेत करायची तसा हात वर केला, चांगला कोपरापासून सरळ. “बाहेर,” ती म्हणाली. “सांगलीला जाते. घर विकायचं नाही.”

मग मी वाद घातलाच. तिथे लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, पाणी एक दिवसाआड, रात्रीबेरात्री काही झालं तर सुलेखाकाकूही सत्तरीच्या. ती प्रत्येक मुद्द्याला मान डोलावत होती. हे सगळं तिला माझ्यापेक्षा आधी माहीत होतं, आणि मला फ्राऊ ल्यूडर्सचं ते शांत ‘गेनाऊ’ ऐकू आलं. शेवटी माझे मुद्देच संपले. म्हणालो, बरं, पाच जणांचंही तसंच मत आहे, तर जा.

“पाच जण म्हणतात म्हणून नाही,” आई म्हणाली. “मी म्हणते म्हणून.”

कप उचलून ती गेली. देवळात गाभाऱ्यासमोर गेल्यावर जी एक भीती वाटते, ज्यात पळून जावंसं वाटत नाही, ती आज मला माझ्या आईची वाटली. ही बाई मी चाळीस वर्षं ओळखतो असं मी समजत होतो.

१८ ऑक्टोबर

शेवटचा शनिवार. डबाभर घारगे नेले. कोवाल्केंनी चार खाल्ले आणि यात भोपळा आहे यावर विश्वास ठेवला नाही.

मतदानाला खरीखुरी पत्र्याची पेटी होती आणि पडद्याआड पेन्सिल. मोजणी सगळ्यांसमोर, एकेक चिठ्ठी उलगडून, मोठ्याने वाचून. बाहेर पडावं म्हणणाऱ्यांची दोन मतं जास्त निघाली. टाळ्या पडल्या नाहीत. ज्यांच्या बाजूने निकाल लागला तेही हातात काहीतरी जड दिल्यासारखे बसले होते. मग कोवाल्के उठून खुर्च्या रचायला लागले आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

रिकामा डबा धुवायला मी नळाकडे निघालो तर फ्राऊ ल्यूडर्स म्हणाल्या, मीच धुते. नळाखाली डबा धरून त्यांनी मला सांगितलं की त्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं. मी चाट पडलो. ओढ्याचं काय मग? म्हणाल्या, “तीन शनिवार मला विचारत होते तुम्ही लोक. नावसुद्धा विचारलंत. तेवढा राग मग शिल्लक राहिला नाही.” यूलेचा राग मात्र तसाच आहे आणि तो राहायलाच हवा, असं मला वाटतं.

मी काय मत दिलं? ते गुप्त आहे, इथेही लिहिणार नाही. फक्त एवढं लिहितो की पडद्याआड गेलो तेव्हा तोंडपाठ केलेलं सगळं अजूनही खरंच वाटत होतं, आणि तरी पेन्सिल उचलायला वेळ लागला.

२२ ऑक्टोबर, पाडवा

नीलिमाने ओवाळलं. त्यानंतर शुभ मुहूर्त म्हणून मी आईला ‘आई’ ग्रुपमध्ये घेतलं आणि सगळ्यांना तसं जाहीर केलं. ईप्सिताने फुलं पाठवली, स्वरूपाने नमस्कार.

आईने माझा फोन मागून घेतला आणि बसून आधीचंही सगळं वाचून काढलं. दोन वर्षांचं होतं. तिच्या गुडघ्यांवरची चर्चा, तिच्या जेवणाच्या सवयी, कुणाकडे किती दिवस, सगळं. चष्मा लावून, शाळेचे पेपर तपासायची तसं. मध्ये एकदा हसलीही. संध्याकाळी फोन वाजला म्हणून पाहिलं तर ग्रुपवर बारीक अक्षरांत ओळ आली होती: सरला यांनी ग्रुप सोडला.

नीलिमा इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत जाऊन तिने आईंना चकली दिली आणि दोघी बराच वेळ आतच होत्या.

२ नोव्हेंबर

आईला फ्रँकफर्टच्या विमानतळावर सोडून आत्ताच परतलो. बॅग भरायला वेळ लागलाच नाही, कपडे तिथेच तर होते. त्या बॅगेकडे मी इतके दिवस बघत होतो आणि साधेपणाचं कौतुक करत होतो.

निघताना ती आणि नीलिमा दारात बोलत होत्या. नीलिमा म्हणत होती, “अहो आई, तिथे पोचल्यावर गूळ पाठवा, इथला तुम्हाला पटत नाही तर तुमचाच पाठवा.” आई म्हणाली, पाठवते, पण तू कमीच घालशील. ओवी आजीला बिलगून जर्मनमध्ये काहीतरी भराभर बोलली आणि आईने मराठीत ‘हो, हो’ म्हटलं. दोघींना एकमेकींचं कळलं असावं.

सुरक्षा तपासणीच्या रांगेपर्यंत तिच्याबरोबर जाता आलं. तिने पर्समधून पासपोर्ट काढला तेव्हा किल्ली खाली पडली. मी उचलून दिली. पितळी, जुनी, झिजून गुळगुळीत झालेली. मी विचारलं, “आई, आता परत केव्हा?”

“कळवते,” ती म्हणाली.

मागे वळून न बघता ती रांगेत गेली. पातळावर स्वेटर, पायात मोज्यांवर चपला. काचेपलीकडच्या जवानाने तिला काहीतरी विचारलं आणि तिने ताठ उभं राहून उत्तर दिलं. एवढीशी माझी आई, पण त्या क्षणी तो सगळा विमानतळ तिच्यापुढे मला लहान वाटला. मी तिथेच उभा राहून रडलो.

९ नोव्हेंबर

आठवडाभर आईचे फोन नीलिमाला आले, मला नाहीत. पाणी येतंय, गुडघा दुखतोय, सुलेखाकाकू रोज येतात, भिंतीला ओल आहे आणि ती रंग लावून घेणार आहे. रंग कुठला ते विचारलं का, असं मी नीलिमाला विचारलं. ती म्हणाली, सुधारतोयस.

आज दुपारी फोन वाजला. नवा ग्रुप. सरला यांनी तुम्हाला समाविष्ट केलं. ग्रुपचं नाव ‘सांगली’. आम्ही सहाही आहोत, सुलेखाकाकू आहेत, ओवीसुद्धा आहे, तिचा फोन नंबर मला न विचारता नीलिमाने दिला असणार. ग्रुपची सूत्रं एकट्या आईकडे. पहिला फोटो खिडकीचा, उघड्या. खाली तिचा निरोप:

“घर नीट लागलं आहे. मे महिन्यात आंबे असतील. ज्याला यायचं त्याने यावं. मात्र आधी विचारावं.”

मी लगेच लिहिलं, आई, मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं आलो तर चालेल का?

निळ्या खुणा उमटल्या. तिने वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.